उद्याचा संगणक आधी फोमचा का असतो?

मे २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने ‘आयओ’ नावाची कंपनी सुमारे साडेसहा अब्ज डॉलरना घेत असल्याचं जाहीर केलं. आयओची एकही वस्तू तेव्हा बाजारात नव्हती. आयफोनचं रूप ज्यांच्या हाताखाली घडलं ते जॉनी आइव्ह आणि ॲपलमधून बाहेर पडलेले काही डिझायनर-इंजिनिअर, एवढंच तिचं भांडवल. त्याच्या तीनच महिने आधी ह्युमेन कंपनीचा ‘एआय पिन’ संपला होता. कपड्यावर लावायचा, बोलून चालवायचा हा ६९९ डॉलरचा बिल्ला एप्रिल २०२४ मध्ये लोकांच्या हाती आला. वर्ष भरायच्या आत कंपनीची बरीचशी मालमत्ता ११.६ कोटी डॉलरना एचपीकडे गेली आणि विकलेले बिल्ले २८ फेब्रुवारी २०२५ पासून जवळजवळ निकामी झाले.

या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की प्रश्न पडतो: फोननंतरचं यंत्र शोधायला निघालेली ही मंडळी बंद खोलीत दिवसभर करतात तरी काय? उत्तर ऐकून जरा हिरमोड होईल. बराच वेळ ती फोम कापतात, घासतात, त्यात वजनं भरतात आणि तो ठोकळा अंगावर लावून हिंडतात.

## कच्चा टाका

कारखान्यात बनणाऱ्या वस्तूचा आकार, पकड, बटणांच्या जागा, साहित्य आणि जोडणी ठरवणाऱ्याला इंडस्ट्रियल डिझायनर म्हणतात. वस्तू पक्की होण्याआधी तो जे करून बघतो ते प्रोटोटाइप. यापुढे त्याला नमुना म्हणू.

नमुना म्हणजे खऱ्या यंत्राची ओबडधोबड धाकटी आवृत्ती, असा बहुतेकांचा समज असतो. ब्लाउज शिवताना कच्चा टाका घालून अंगावर चढवून बघतात, ते आठवा. तेव्हा हुक नसतात, अस्तर नसतं, काखेचे धागे लोंबत असतात. काखेत ओढतंय का, एवढंच बघायचं असतं. नमुन्याचंही तसंच आहे. एका नमुन्याला एकच प्रश्न विचारायचा, आणि तो प्रश्न नमुना बनवायच्या आधी कागदावर लिहायचा. ‘खिशातून काढायला किती वेळ लागतो?’ हा प्रश्न झाला. ‘कसं वाटतंय बघू’ हा प्रश्न नव्हे.

संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी १९६८ मध्ये मांडीवर घेऊन बसता येईल अशा संगणकाची कल्पना केली, तेव्हा असा संगणक बनवण्याचं तंत्र जगात कुठेच नव्हतं. त्यांनी पुठ्ठ्याचं मॉडेल केलं आणि त्यात शिशाचे छर्रे ओतत गेले. प्रश्न एकच होता: माणूस हे किती वजनापर्यंत कटकट न करता बाळगेल? उत्तर आलं, दोन पौंडांच्या आत, म्हणजे साधारण ९०० ग्रॅम. तेवढं हलकं यंत्र सर्रास मिळायला पुढे काही दशकं गेली, पण आकडा मात्र पुठ्ठ्याने आधीच सांगून ठेवला होता.

पाम कंपनीचे संस्थापक जेफ हॉकिन्स यांची गोष्ट याहून बोलकी आहे. खिशातला संगणक म्हणून आलेलं ‘झूमर’ हे त्यांचं १९९३ मधलं यंत्र पडलं. पुढच्या वेळी त्यांनी लाकडाचा खिशात मावेल एवढा ठोकळा कापला, त्यावर कागदी पडदा चिकटवला, जेवायच्या चॉपस्टिकची लेखणी केली आणि हा ऐवज सदऱ्याच्या खिशात घालून ते मीटिंगांना जाऊ लागले. कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा आणि लाकडावर लिहिण्याचं नाटक करायचं. बटणांची मांडणी बदलायची असेल तर कागद बदलायचा. लोक हसले असतील, पण दिवसातून यंत्र नेमकं कशासाठी बाहेर काढावंसं वाटतं हे त्यातून कळलं. मार्च १९९६ मध्ये आलेला पाम पायलट त्यातूनच घडला. झूमरसारखी कामांची भली मोठी यादी त्यात नव्हती. दिनदर्शिका, पत्ते, कामांची यादी, टिपणं आणि एका बटणावर घरच्या संगणकाशी जुळवणी, इतकंच.

## पहिला आठवडा: फोम, नट आणि घरचा वजनकाटा

समजा, गळ्यात किंवा कपड्यावर लावायचं एक यंत्र करायचं आहे: पडदा नाही, कॅमेरा आहे, बोलून चालवायचं. सुरुवातीचा आकार ६० × ४५ × १२ मिलिमीटर धरू. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा.

आधी कागदावर एकास एक मापात छापून कापून बघायचं. हे हास्यास्पद वाटतं म्हणून पुष्कळ जण टाळतात आणि मग पस्तावतात. संगणकाच्या पडद्यावर वस्तू तिप्पट मोठी करून बघायची सवय लागलेली असते, त्यामुळे अर्धा मिलिमीटर गोलाई दिलेली कड तिथे छान मऊ दिसते. हातात तीच कड टोचते.

कागदानंतर निळा किंवा गुलाबी फोम, जो छतांच्या उष्णतारोधनासाठी ताव स्वरूपात मिळतो. नेहमीचं दाणेदार थर्माकोल घेऊ नये, कापताना त्याचे मणी सुटतात आणि कड धरत नाही. तापलेल्या तारेने कापायचं, खिडकी उघडी ठेवून, कारण धूर चांगला नसतो. मग १२०, २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर. इथे नवख्यांची हमखास चूक होते ती रंगाची. दुकानातला साधा स्प्रे थेट मारला तर त्यातलं द्रावण फोम खातं आणि दोन मिनिटांत ठोकळ्याला देवीचे व्रण पडतात. आधी फेव्हिकॉलचे दोन पातळ हात देऊन ते पूर्ण वाळू द्यायचे, त्यावर लांबी (पुट्टी), घासणी आणि मगच रंग. घाई असेल तर ३ किंवा ५ मिलिमीटरच्या सनबोर्डचे (फलकांसाठी वापरतात त्या फोमच्या तावाचे) थर एकावर एक चिकटवूनही काम भागतं.

हा ठोकळा भरतो जेमतेम दोन ग्रॅम, आणि इथेच बहुतेक नमुने फसवतात. हलकी वस्तू सगळ्यांना आवडते. म्हणून आत खाच करून वजन भरायचं. एम८ मापाचा लोखंडी नट सुमारे ५ ग्रॅमचा असतो आणि घरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरतो. एकाच आकाराचे तीन ठोकळे करावेत: ३०, ५० आणि ७० ग्रॅमचे. त्यातल्या ५० ग्रॅमच्या ठोकळ्याच्या दोन आवृत्त्या कराव्यात, एकीत वजन कपड्याच्या बाजूला, दुसरीत बाहेरच्या बाजूला. काटा दोन्हींचं वजन सारखंच दाखवील, पण दुसरी पुढे झुकेल, पातळ सुती सदरा ओढेल आणि कॅमेरा समोरच्या माणसाऐवजी त्याच्या चपलांकडे बघत राहील. एआय पिन आणि कपड्याच्या आतून त्याला चिकटणारी चुंबकी बॅटरी मिळून सुमारे ५५ ग्रॅम होत होते, हे या संदर्भात लक्षात घ्यावं.

हे ठोकळे पाच-सहा जणांना तीन दिवस वापरायला द्यायचे. सोबत एक चिठ्ठी, तिच्यावर तीन रकाने: यंत्राकडे हात केव्हा गेला, कशासाठी, आणि तेव्हा दुसरा हात कुठे होता. तिसरा रकाना क्षुल्लक दिसतो. लोकलमध्ये एक हात वरच्या कडीला आणि दुसरा पिशवीला असतो, हे त्याच रकान्यात उतरतं.

## यंत्राच्या आत माणूस

आकाराचं झालं. पण बोलून चालणाऱ्या यंत्राचं बोलणं कसं तपासणार? ते अजून लिहिलेलंच नाही.

उपाय जुना आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमच्या संशोधकांनी ‘ऐकून टाइप करणाऱ्या’ यंत्राची चाचणी घेतली. माणूस मायक्रोफोनमध्ये बोलायचा आणि समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटायची. खरं तर दुसऱ्या खोलीत एक टंकलेखक बसून ते टाइप करत होता. बोलणं ओळखणारं तंत्र त्या दर्जाचं व्हायच्या कितीतरी आधी, ते मिळालं तर लोक पत्रं तशी लिहितील का, कोणत्या ठिकाणी अडखळतील, हे त्यांना बघता आलं.

आज हे घरच्या घरी जमतं. ठोकळ्यात छोटा ब्लूटूथ स्पीकर बसवायचा, तो वापरणाऱ्याच्या खिशातल्या फोनला जोडायचा आणि शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याशी कॉल चालू ठेवायचा. ‘यंत्र’ म्हणून तो सहकारी उत्तर देणार. ज्यांच्यावर चाचणी चालली आहे त्यांची संमती आधी घ्यायची आणि शेवटी खरं काय ते सांगायचं.

यात एक सापळा आहे. पडद्यामागचा माणूस हुशार असतो. अर्धवट वाक्यावरूनही त्याला कळतं, मालवणी हेल त्याला अडत नाही, आणि तो लगेच उत्तर देतो. मग चाचणी सुरेख पार पडते आणि खरं यंत्र आलं की सगळे नाराज होतात. त्यामुळे त्याला यंत्राचे नियम घालून द्यावे लागतात: प्रत्येक उत्तराआधी मनात तीनपर्यंत मोजायचं, दहातल्या एका प्रश्नाला ‘समजलं नाही’ म्हणायचं, दोन शब्द मुद्दाम चुकीचे ऐकायचे. बोलण्यात तीन सेकंदांची शांतता किती लांब वाटते हे अशा वेळी दिसतं. बहुतेक माणसं दुसऱ्या सेकंदाला तोच प्रश्न मोठ्याने पुन्हा विचारतात आणि यंत्राचं उत्तर त्या दुसऱ्या प्रश्नावर येऊन आदळतं.

गुगल ग्लासचा पहिला नमुना तर एका दिवसात झाला होता, असं त्या गटातले टॉम ची यांनी जाहीर भाषणात सांगितलं आहे. कपडे टांगायच्या हँगरची तार, छोटा प्रोजेक्टर आणि पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा. डोळ्यासमोर चित्र तरंगताना कसं वाटतं, या प्रश्नाला तेवढं पुरेसं होतं.

## खरा शत्रू: ऊब

अंगावरच्या यंत्रांची चर्चा बहुधा बुद्धिमत्तेवर अडते. प्रत्यक्षात पुष्कळ कल्पना त्याआधीच उष्णतेवर मोडतात. हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे, तो एकदा करून बघू.

आपला ठोकळा सहा बाजूंनी मिळून सुमारे ७९ चौरस सेंटिमीटरचा आहे. त्यातली एक मोठी बाजू अंगाला टेकलेली, म्हणजे हवेला मोकळी बाजू राहिली ५२. पंखा नसलेल्या वस्तूतून एका चौरस मीटरमागे, हवेपेक्षा प्रत्येक अंश जास्त तापमानाला, ढोबळमानाने १० वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे आपल्या ठोकळ्यातून एका अंशामागे ०.०५२ वॅट. त्वचेला तासन्‌तास टेकणारी वस्तू ४३ अंशांच्या वर जाऊ नये असं धरतात, त्यापुढे बराच वेळ ठेवल्यास भाजू शकतं.

आता पुण्यातली २५ अंशांची दुपार घ्या. ४३ वजा २५, म्हणजे १८ अंश. गुणिले ०.०५२, उत्तर ०.९४ वॅट. एवढीच वीज आतल्या सगळ्यांना मिळून सतत वापरता येईल. कॅमेरा, मोबाइल नेटवर्कचा रेडिओ आणि प्रोसेसर एकत्र चालले की दीड-दोन वॅट सहज होतात. आणि ४० अंशांच्या दुपारी? तीन अंश उरतात, म्हणजे ०.१६ वॅट. नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ वर गेला की हे यंत्र बंद असतानाही मर्यादेच्या बाहेर असतं. वातानुकूलित सभागृहातल्या सादरीकरणात यातलं काही दिसत नाही. एआय पिन गरम होऊन मध्येच थांबतो, ही परीक्षणांतली सर्वांत ठळक तक्रारींपैकी एक होती.

हे तपासायलाही खरं यंत्र लागत नाही. २७ ओहमचा, २ वॅट क्षमतेचा रेझिस्टर (वीज गेली की तापणारा छोटा भाग) घ्यायचा आणि फोनच्या ५ व्होल्टच्या चार्जरला जोडायचा. पाचाचा वर्ग भागिले २७, म्हणजे ०.९३ वॅट, आपल्या मर्यादेइतकाच. तो ॲल्युमिनिअमच्या पातळ पट्टीवर बसवून नमुन्यात ठेवायचा, बाहेरून तापमापकाची तार चिकटवायची आणि तासभर थांबायचं, कारण तापमान स्थिरावायला वेळ लागतो. दहा मिनिटांत ‘ठीक आहे’ म्हणून उठणं ही इथली नेहमीची चूक. दुसरी चूक कवचाची: थ्री-डी छपाईचं स्वस्त पीएलए प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून रेझिस्टर त्याला थेट टेकवायचा नाही. आणि पहिली चाचणी कोमट पाण्याच्या, साधारण ३३ अंशांच्या, पिशवीवर करायची. माणसाच्या छातीवर नव्हे.

ऊब आणि बॅटरी ही एकाच हिशेबाची दोन टोकं. छोट्या लिथियम पॉलिमर बॅटरीच्या अंगावरचा आकडा तिचं मापच सांगतो: ५०३०४० म्हणजे ५ मिलिमीटर जाड, ३० रुंद, ४० लांब. तिच्यात साधारण ६०० मिलिॲम्पिअर-तास मावतात. ३.७ व्होल्टने गुणलं की २.२ वॅट-तास. दोन वॅट ओढणारं यंत्र तिच्यावर तासभर चालेल, सरासरी ०.१ वॅटवर राहणारं बावीस तास. म्हणून असं यंत्र बहुतेक वेळ झोपलेलं ठेवावं लागतं. ते कधी जागं करायचं, हाच मग रचनेचा मुख्य प्रश्न होतो. शिवाय बॅटरी जुनी होताना फुगते. तिच्या जाडीच्या दहा टक्के, म्हणजे अर्धा मिलिमीटर, जागा रिकामी सोडावी लागते आणि तिच्यावर येणारा एकही स्क्रू चालत नाही. ‘अजून अर्धा मिलिमीटर पातळ करा’ हा हुकूम येतो तेव्हा पहिला डोळा याच रिकाम्या जागेवर जातो.

जड आणि तापणारा भाग अंगावरून हलवणं हा एक मार्ग आहे. २०२४ मध्ये आलेल्या ॲपल व्हिजन प्रोचं डोक्यावरचं वजन ६०० ते ६५० ग्रॅम होतं, आणि ३५३ ग्रॅमची बॅटरी वायरने खिशात सोडली होती. मेटाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दाखवलेला ‘ओरायन’ चष्मा ९८ ग्रॅमचा. त्यातला गणनेचा बराच भाग वेगळ्या, हातात मावणाऱ्या डबीत ठेवला होता. तो विकायला नव्हताच, नमुना म्हणूनच दाखवला गेला. नेहमीचा चष्मा वीस-चाळीस ग्रॅमचा असतो हे ध्यानात घेतलं की नाकाला किती सोसायचं आहे याचा अंदाज येतो.

## दिसणारा एक, चालणारा दुसरा

इथपर्यंत आल्यावर नमुन्यांच्या दोन वाटा होतात. एक ‘दिसणारा’: बाहेरून हुबेहूब, आत मेलेला. दुसरा ‘चालणारा’: टेबलभर पसरलेल्या तारा, ६५ × ३० मिलिमीटरचा ‘रास्पबेरी पाय झीरो’ हा चिमुकला संगणक, पट्टीने बांधलेला कॅमेरा. त्याची लाज वाटून लगेच सुंदर कवचात कोंबायचा मोह होतो. तो आवरावा. दोन्ही घाईने एकत्र आणले की बिघाड आला तर तो आकाराचा, उष्णतेचा की प्रोग्रामचा, हे सांगता येत नाही.

वाटा किती काळ वेगळ्या राहतात याचं एक उदाहरण न्यायालयामुळे उजेडात आलं. ॲपल आणि सॅमसंगच्या खटल्यात २०१२ मध्ये एका जाडजूड पांढऱ्या पाटीची, म्हणजे आयपॅडच्या जुन्या नमुन्याची, छायाचित्रं बाहेर आली. ती २००२ ते २००४ च्या दरम्यानची होती. आयपॅड बाजारात आला २०१० मध्ये.

कवचासाठी आता थ्री-डी छपाई असते. साध्या यंत्रावर ०.२ मिलिमीटरचे थर एकावर एक चढतात, आपल्या ठोकळ्याचं कवच काही तासांत होतं. दोन गोष्टी हमखास बिघडतात. भोकं ठरवल्यापेक्षा लहान येतात, म्हणून एकात एक बसणाऱ्या भागांत ०.२ ते ०.३ मिलिमीटरची मोकळी फट ठेवावी लागते. दुसरं म्हणजे थरांच्या जोडावर वस्तू कमकुवत असते. झाकणाची अडकण उभी छापली की दुसऱ्या-तिसऱ्या उघडझापीत कट्‌कन तुटते. तीच आडवी छापली तर टिकते. तुटलेली अडकण बघून रचना चुकली असं ठरवण्याआधी ती कशी छापली होती ते विचारावं.

## वाटी आणि मूद

छापलेला नमुना हातात छान बसला, म्हणजे तो कारखान्यात बनेल असं नाही. हजारो नग बनतात ते साच्यात. पोलादी साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने भरायचं, थंड झालं की बाहेर ढकलायचं. भाताची मूद वाटीतून अलगद सुटते, कारण वाटी वर पसरट असते. सरळ उभ्या पेल्यात भात दाबून पालथा घातला तर तो अडकतो किंवा फुटून येतो. साच्यातल्या प्रत्येक उभ्या भिंतीला म्हणून निदान एक अंश उतार द्यावा लागतो, खरखरीत पोत हवा असेल तर आणखी जास्त. छपाईयंत्राला या उताराची गरज नसते, त्यामुळे तो राहून जातो. साचेवाल्याकडे फाइल गेली की बटणाभोवतीची सुरेख समान फट एका टोकाला रुंद झालेली दिसते.

भिंतीची जाडी दीड-दोन मिलिमीटर आणि सगळीकडे शक्य तितकी सारखी ठेवायची. आतून आधार देणारी पट्टी भिंतीच्या निम्म्या जाडीची. जास्त जाड केली तर ती उशिरा थंड होते, आकसते, आणि बाहेरच्या चकचकीत पृष्ठभागावर खळी पडते. साचा लाखांत जातो, आणि पोलाद खरवडून काढणं सोपं, पुन्हा भरणं अवघड. त्यामुळे शंका असलेल्या ठिकाणी साच्यात पोलाद थोडं जास्तच ठेवतात, म्हणजे नंतर खरवडता येतं.

यानंतर कारखान्यात तीन फेऱ्या होतात: आतली यंत्रणा चालते का, ठरलेली रचना टिकते का, आणि तीच वस्तू उत्पादनाच्या वेगाने बनते का. त्या फेऱ्यांवर स्वतंत्र लेख होईल.

## ‘एवढ्या चाचण्या करूनही वस्तू फसते कशी?’

रास्त प्रश्न आहे. सॅमसंगचा पहिला घडीचा फोन यंत्राने दोन लाख वेळा उघडझाप करून तपासलेला होता. एप्रिल २०१९ मध्ये तो परीक्षकांच्या हाती गेला आणि काही दिवसांत पडदे बिघडू लागले. काहींनी वरचा प्लॅस्टिकचा थर सोलून काढला होता, कारण तो नव्या फोनवर येतो तसला संरक्षक कागद वाटत होता. काही फोनांत बिजागरीच्या टोकांपाशी बारीक कण शिरले. कंपनीने विक्री पुढे ढकलली. सप्टेंबरमध्ये फोन आला तेव्हा तो थर कडेखाली दडवलेला होता आणि बिजागरीच्या टोकांना टोप्या बसवल्या होत्या.

दोन लाखांचा आकडा खोटा नव्हता. पण उघडझाप करणाऱ्या यंत्राला नखं नसतात आणि त्याच्या खिशात धूळ नसते. बिजागरीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं. सोलण्याचा प्रश्न कुणी नीट विचारला नव्हता. त्यासाठी पाच रुपयांचा पारदर्शक कागद चिकटवलेली डमी आणि ज्यांनी तो फोन कधी पाहिला नाही अशी दहा माणसं पुरली असती, असं आमचं मत आहे.

## ‘फोम बघून लोक खरं बोलतात का?’

नाही बोलत. आपल्याकडे तर नाहीच. पाहुण्याने केलेला शिरा आणि ओळखीच्याने केलेला नमुना, दोन्हींना ‘छान झालाय हो’ म्हणायची रीत आहे. त्यामुळे ‘आवडलं का?’ हा प्रश्न विचारूच नये. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ठोकळा अंगावर आहे की ड्रॉवरमध्ये, ते बघावं. किती जणांनी तो लावायची जागा आपणहून बदलली, तेही मोजावं. तोंडाने छान म्हणणाऱ्याने तो पिशवीत टाकला असेल तर पिशवीचं म्हणणं धरायचं.

‘हे सगळं संगणकावरच्या त्रिमितीय चित्रात दिसत नाही का?’ असंही विचारतात. भाग एकमेकांत बसतात का, ताण कुठे येतो, उष्णता कुठे साठते, हे दिसतं आणि ते वापरावंच. वजन दिसत नाही, टोचणं दिसत नाही, आणि चारचौघांत कॅमेरा लावून उभं राहण्याचा संकोच तर मुळीच दिसत नाही.

## आपल्या इथलं

भविष्यातली गणनयंत्रं म्हटलं की कॅलिफोर्नियाच डोळ्यांपुढे येतं. पण तुम्ही स्वतः हाताळलेलं एक यंत्र पवईत घडलं आहे. मतदान यंत्राची बाह्यरचना आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातल्या प्रा. ए. जी. राव आणि प्रा. रवी पूवैया यांची. नाव, चिन्ह आणि बटण एका ओळीत, दाबलं की दिवा आणि लांब आवाज. अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही चालावं, वीज नसलेल्या गावात बॅटरीवर चालावं, ही तिथली बंधनं होती. आयडीसीतच प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने आधी वर्णमालेच्या क्रमाने मांडलेला ‘कीलेख’ हा कळफलक केला आणि पुढे फोनवरचं ‘स्वरचक्र’. व्यंजनाला बोट लावलं की त्याच्याभोवती बाराखडी गोल उमलते.

साधनांचं म्हणाल तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्येच फॅब लॅब, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, सुरू झाली, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. वर सांगितलेले फोमचे ठोकळे, नट आणि रेझिस्टर हजार रुपयांच्या आत येतात.

अंगावर लावायच्या यंत्रांच्या जाहिराती आपल्या नजरेने बघितल्या तर काय दिसतं? बिल्ला बहुधा जाड जॅकेटच्या छातीवर असतो. साडीवर तो कुठे लावणार? डाव्या खांद्यावर पदराच्या निऱ्या आणि पिन, गळ्यात मंगळसूत्र, आणि चुंबकाच्या पकडीत कापडाच्या दोन-तीन थरांची जाडी. उजव्या बाजूला लावला तर उजव्याच हाताने तो दाबताना कोपर अवघडतं. स्कूटरवर ओढणी तोंडाला गुंडाळलेली असेल तर मायक्रोफोनला काय ऐकू येणार? पावसाळ्यात त्यावर रेनकोट आला की कॅमेरा आंधळा. यातल्या एकाही प्रश्नाला प्रोसेसर लागत नाही. ५० ग्रॅमचा ठोकळा, एक सेफ्टी पिन आणि सकाळी डोंबिवलीहून सुटणारी लोकल एवढ्यावर ते तपासता येतात.